जाहिरात आणि एकांताचा हक्क

संगणकाच्या पडद्यावर एखादे वृत्तपत्र वाचावयास घ्यावे, तो मजकुराच्या आधी जाहिरात पुढे येते. आणि ती नेमकी काल आपण ज्या वस्तूची कोठेतरी चौकशी केली तिचीच निघते, हा अनुभव आता शहरातल्या आणि खेड्यातल्या वाचकास सारखाच परिचयाचा झाला आहे. अशा जाहिराती पडद्यावर येऊच नयेत अशी तजवीज करणारी साधनेही फुकट मिळतात, आणि कोट्यवधी लोक ती वापरतात. ती वापरणे रास्त की गैर, ह्यावर मोठा वाद आहे. वृत्तपत्राचा चालक म्हणतो, ज्या जाहिरातींच्या जिवावर माझा मजकूर तुम्हांस फुकट मिळतो त्यांना तुम्ही दाराबाहेर ठेवता, ही चोरी नव्हे तर काय? वाचक म्हणतो, माझ्या घरात डोकावणाऱ्याच्या तोंडावर मी दार लावले, तर त्यात चोरी कसली?

हा वाद संगणकाबरोबर जन्मास आला, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तो शंभराहून अधिक वर्षांचा जुना आहे. इतकेच नव्हे, तर अमेरिकेत खाजगीपणाच्या हक्काचा पहिला कायदा झाला तो एका पिठाच्या जाहिरातीमुळे, ही गोष्ट फारशी कोणास ठाऊक नसते. ‘खाजगीपणा’ हा शब्द मला थोडा कचेरीतला वाटतो. म्हणून येथे मी ‘एकांत’ हा शब्द वापरणार आहे. चार माणसांत असतानाही माणसाला हवा असतो तो एकांत मला अभिप्रेत आहे.

१८८८ साली कोडॅक कॅमेरा बाजारात आला आणि कोणीही कोणाचेही छायाचित्र टिपावे अशी सोय झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८९० च्या डिसेंबरात, सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस ह्या बॉस्टनच्या दोन वकिलांनी हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकात एक लेख लिहिला. कोणी आपल्या वाटेस न जाण्याचा प्रत्येकास हक्क आहे, ही न्यायमूर्ती कूली ह्यांची कल्पना त्यांनी उचलली आणि तिच्यावर एका नव्या हक्काची इमारत उभी केली. त्यांचा रोख मुख्यतः घरगुती कुचाळक्या छापणाऱ्या वृत्तपत्रांवर होता. लेख गाजला. परंतु लेख गाजणे निराळे आणि न्यायालयात टिकणे निराळे.

ती कसोटी लवकरच लागली. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरातल्या एका तरुण मुलीचे छायाचित्र फ्रँकलिन मिल्स नावाच्या पिठाच्या गिरणीच्या जाहिरातीवर तिला न विचारता छापले गेले. सुमारे २५,००० प्रती निघाल्या आणि त्या दुकानांत, वखारींत, दारूच्या गुत्त्यांत लागल्या. चित्र चांगले होते. त्यात तिची बदनामी नव्हती की विटंबना नव्हती. पण ओळखीच्या लोकांनी ते ओळखले, टवाळी झाली, आणि मुलीने अंथरूण धरले. तिच्या वतीने १५,००० डॉलर भरपाईचा दावा लावण्यात आला. खालच्या न्यायालयांनी तिच्या बाजूने कौल दिला. तथापि १९०२ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने चार विरुद्ध तीन मतांनी दावा फेटाळला. मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर ह्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की असा हक्क आजवर कायद्यास ठाऊक नाही; तो मान्य केला तर खटल्यांना अंत राहणार नाही; आणि हवाच असेल तर विधिमंडळाने तो निर्माण करावा. लोकांत ह्या निकालाविरुद्ध एवढा क्षोभ झाला, की विधिमंडळाने पुढच्याच वर्षी, १९०३ साली, कायदा केला: कोणाही हयात व्यक्तीचे नाव वा चित्र तिच्या लेखी संमतीवाचून जाहिरातीसाठी किंवा व्यापारासाठी वापरता येणार नाही.

ह्या कथेचा उपसंहार मोठा मौजेचा आहे. १९०४ साली हेच पार्कर महाशय अध्यक्षपदाच्या निवडणुकीस डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभे राहिले. छायाचित्रकार त्यांच्या घराभोवती घिरट्या घालू लागले, तेव्हा त्यांनी त्रासून तक्रार केली. त्यावर त्या मुलीने त्यांना वृत्तपत्रातून जाहीर पत्र लिहिले आणि असा काही हक्कच नसतो हे आपणच सांगितले होते, याची त्यांना आठवण करून दिली.

जॉर्जिया राज्यात एका विमा कंपनीने एका चित्रकाराचे छायाचित्र असेच परस्पर वापरले. तेथील सर्वोच्च न्यायालयाने मात्र १९०५ साली कायद्याची वाट न पाहता हक्क मान्य केला. म्हणजे आरंभीच्या ह्या लढाया सरकारच्या हेरांशी वा पोलिसांशी झालेल्या नाहीत. त्या पीठ विकणाऱ्यांशी आणि विमा उतरविणाऱ्यांशी झाल्या. सरकारपासून नागरिकाचे रक्षण करण्याचा विचार आपल्याकडे पुष्कळ होतो, आणि सरकारी नोकर ह्या नात्याने तो व्हावा असेच मला वाटते. पण एकांताला धोका राजवाड्यातून असतो तितकाच बाजारातूनही असतो, ही गोष्ट इतिहासाने आरंभीच दाखवून ठेवली आहे.

येथवरचा प्रश्न माणसाचा चेहरा जाहिरातीत जाण्याचा होता. जाहिरात माणसाच्या कानात शिरण्याचा प्रश्न पुढे वॉशिंग्टन शहराच्या ट्रामगाड्यांत निघाला. १९४८ च्या सुमारास तेथील वाहतूक कंपनीने ट्राममध्ये आणि बसगाड्यांत ध्वनिवर्धक बसविले आणि त्यांतून नभोवाणीचा कार्यक्रम ऐकविण्यास आरंभ केला. बहुतेक संगीत असे. मधून मधून बातम्या आणि जाहिराती असत. पाहणी केली तेव्हा बहुसंख्य उतारूंची ह्यास हरकत नसल्याचे आढळले. परंतु दोघा उतारूंनी हरकत घेतली. ते पेशाने वकील होते, ही गोष्ट अर्थातच योगायोगाची नव्हे. त्यांचे म्हणणे असे, की वृत्तपत्रातील जाहिरात आम्ही उलटून टाकू शकतो, घरातला रेडिओ बंद करू शकतो. पण कामावर जाण्यासाठी जो ट्राममध्ये बसला आहे त्याने कान कोठे न्यावेत? कान मिटता येत नाहीत.

प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २६ मे १९५२ रोजी उतारू हरले. रस्त्यावर आणि सार्वजनिक वाहनात माणसास घरातल्याइतका एकांत मागता येणार नाही, असे बहुमत पडले. न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी भिन्न मत नोंदविले: कोणी आपल्या वाटेस न जाणे हाच स्वातंत्र्याचा आरंभ होय, आणि आज ज्या यंत्रातून संगीत ऐकविले जाते त्यातूनच उद्या प्रचार ऐकविला जाईल, असा त्याचा आशय होता. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर ह्यांनी तर खटल्यात भागच घेतला नाही. आपण स्वतःच ह्या प्रकाराचे एक बळी आहोत आणि आपल्या भावना इतक्या तीव्र आहेत की निःपक्षपाती राहणे शक्य होणार नाही, असे त्यांनी मोकळेपणाने सांगितले. मला डग्लस ह्यांच्या मतापेक्षाही फ्रँकफर्टरांची ही अनुपस्थिती अधिक बोलकी वाटते. पुढे १९७० साली त्याच न्यायालयाने टपालाच्या एका खटल्यात घरमालकाच्या बाजूने निकाल दिला. नको असलेले टपाल पाठविण्याचा कोणाचाही हक्क घेणाऱ्याच्या टपालपेटीपाशी संपतो, असे त्याचे तात्पर्य. ट्राम आणि टपालपेटी ह्यांच्यामधली ही रेघ ध्यानात ठेवावी. संगणकाचा पडदा ह्या रेघेच्या कोणत्या बाजूस येतो, हाच पुढच्या सगळ्या वादाचा गाभा आहे.

आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे, आणि तिच्यासाठी आपणांस अमेरिकेस जाण्याचे कारण नाही.

१९५६ साली संसदेने वृत्तपत्रांची किंमत आणि पृष्ठे ह्यांविषयी एक कायदा केला. किती किमतीच्या पत्राने किती पाने द्यावीत आणि त्यांत जाहिरातींस किती जागा असावी, हे ठरविण्याचा अधिकार त्या कायद्याने केंद्र सरकारला मिळाला. हेतू वाईट नव्हता. बड्या पत्रांनी लहान पत्रांना गिळू नये असा तो होता. १९६० साली त्याखाली हुकूम निघाला, तेव्हा पुण्याच्या ‘सकाळ’ने सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. १९६१ च्या सप्टेंबरात निकाल लागला आणि कायदा घटनाबाह्य ठरला. निकालपत्र न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर ह्यांनी लिहिले आहे. जाहिरातीची जागा कमी केली की पत्राचे उत्पन्न घटते. उत्पन्न घटले की किंमत वाढवावी लागते किंवा पत्र बंद करावे लागते. किंमत वाढली की वाचक कमी होतात. आणि वाचक कमी करणे म्हणजेच भाषणस्वातंत्र्यावर घाला घालणे, अशी ती विचारसरणी आहे. जाहिरात ही वृत्तपत्राच्या अंगावरची जळू नसून त्याच्या स्वातंत्र्याचा एक आधार आहे, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोणी मांडले असेल. पत्राचा खर्च जाहिरातदार देणार नसेल तर तो वाचकाने द्यावा लागेल, नाहीतर सरकारने; आणि सरकारच्या पैशावर चालणाऱ्या पत्रात सरकारविरुद्ध किती छापले जाईल, ह्याचा अंदाज कोणालाही करता येईल.

योगायोग असा, की पुढच्याच वर्षी, १९६२ च्या डिसेंबरात, खरकसिंग खटल्याचा निकाल लागला. पोलिसांच्या पाळतीविरुद्धचा तो दावा होता. रात्री घरी येऊन तपासणी करण्याचा नियम न्यायालयाने रद्द केला, पण एकांताचा हक्क घटनेने दिलेला नाही असे बहुमताने म्हटले. आणि त्या बहुमतात मुधोळकर होते. जाहिरातीवर जगणाऱ्या पत्रास संरक्षण मिळाले, पाळतीखाली असलेल्या माणसास अर्धेच मिळाले. त्या काळी ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध येईल, असे कोणाच्या स्वप्नातही आले नसेल.

आकाशवाणीची हकीकत येथेच सांगून टाकतो. पुष्कळ वर्षे श्रोता टपाल कार्यालयात परवान्याचे पैसे भरीत असे आणि त्याच्या कानावर जाहिरात पडत नसे. चंदा समितीने १९६६ साली व्यापारी प्रसारणाची शिफारस केली, आणि १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे व नागपूर येथून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. ह्या जाहिराती पुष्कळांना कंटाळवाण्या वाटल्या असतील, काहींची गाणी पुष्कळांना अजून पाठ असतील. पण त्यांनी कोणाचे नुकसान केले असे म्हणता येत नाही. कारण रेडिओला आपण कोण हे ठाऊक नव्हते. श्रोता जाहिरात ऐके. जाहिरात श्रोत्याचे काही ऐकत नसे. ती लागली की उठून पाणी पिऊन यावे, इतके स्वातंत्र्य प्रत्येकास होते आणि त्यास कोणी चोरी म्हणत नसे. अमेरिकेत झेनिथ कंपनीने १९५५ साली दुरून दूरचित्रवाणी संच चालविण्याचे साधन विकावयास काढले, तेव्हा लांबलचक जाहिरातींचा आवाज जागच्या जागी बंद करा, हेच त्याचे आकर्षण म्हणून सांगितले होते. म्हणजे जाहिरात बंद करण्याच्या सोयीचीच जाहिरात!

हा तोल बिघडला तो १९९४ साली. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. २७ ऑक्टोबरला ‘हॉटवायर्ड’ ह्या संकेतस्थळावर एटी अँड टी कंपनीची आडवी पट्टी झळकली आणि संकेतस्थळांवरच्या पट्टी-जाहिरातींचा जमाना सुरू झाला. त्याच वर्षी नेटस्केप कंपनीतील लू माँटुली ह्या तरुण अभियंत्याने ‘कुकी’ ची युक्ती काढली. संकेतस्थळास वाचकाची ओळख राहत नसे. दुकानातले गिऱ्हाईक एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेले की दुकानदाराने त्यास ओळखू नये, तसा प्रकार होता. म्हणून वाचकाच्या संगणकात एक लहानशी खूणचिठ्ठी ठेवावयाची आणि पुढच्या खेपेस ती पाहावयाची, एवढीच ती युक्ती. एकाची चिठ्ठी दुसऱ्याने वाचू नये अशी काळजीही तीत घेतली होती.

परंतु जाहिरात कंपन्यांनी त्यातून वाट काढली. आपण वृत्तपत्राचे पान मागतो तेव्हा सगळे पान वृत्तपत्राकडून येत नाही. पानात अशी सूचना असते, की अमुक जागी लावावयाची जाहिरात अमुक तिसऱ्या ठिकाणाहून आण. आपला संगणक आज्ञाधारकपणे तेथे जातो. आणि तो तिसरा आपली चिठ्ठी ठेवतो. हाच तिसरा हजारो संकेतस्थळांवर हजर असतो. सकाळी आपण बातम्या वाचल्या, दुपारी मधुमेहाच्या औषधाची माहिती पाहिली, रात्री मुलीसाठी स्थळ शोधले. ह्या तिन्ही दुकानांना एकमेकांची वार्ता नसते, पण तिघांच्या दाराशी उभा असलेला तो एकच माणूस सर्व काही एका वहीत मांडीत असतो. हा धोका तज्ज्ञांच्या ध्यानात आला नव्हता असे नाही. १९९७ च्या फेब्रुवारीत इंटरनेटची तांत्रिक मानके ठरविणाऱ्या मंडळींनी अशा तिऱ्हाइताच्या चिठ्ठ्या आपोआप स्वीकारल्या जाऊ नयेत, असा नियम लिहिला. ब्राउझर करणाऱ्यांनी तो मानला नाही.

पुढे १९९९ साली डबलक्लिक ह्या जाहिरात कंपनीने अबॅकस नावाची कंपनी विकत घेतली. टपालाने माल मागविणाऱ्या ग्राहकांची नावे व पत्ते अबॅकसच्या दप्तरात होते. वहीतल्या निनावी नोंदी आणि ही नावे एकत्र जोडण्याचा बेत होता. गदारोळ झाला, सरकारी चौकशी लागली, आणि २००० साली कंपनीने बेत सोडला. २००७ साली गूगलने डबलक्लिक ३.१ अब्ज डॉलरना घेण्याचे ठरविले. आणि जी जोडणी पूर्वी लोकक्षोभामुळे थांबली होती तीस २०१६ साली आपल्या धोरणातील शब्द बदलून वाट करून दिली. ह्या वेळी फारसा गदारोळ झाला नाही. माणूस कोणत्या गोष्टीला किती लवकर सरावतो, ह्याचे हे उदाहरण मला अस्वस्थ करते.

केवळ एकांताचा प्रश्न असता तरी तो लहान नव्हता. त्यात सुरक्षिततेचाही प्रश्न मिसळला. तिसऱ्या ठिकाणाहून काय येते हे वृत्तपत्रासही ठाऊक नसते. २००९ च्या सप्टेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या संकेतस्थळावर प्रतिष्ठित कंपनीच्या नावाने आलेली एक जाहिरात लबाडांची निघाली, तुमच्या संगणकास रोग जडला आहे असे भय घालून खोटे औषध विकण्याचा तो धंदा होता. २०२२ च्या डिसेंबरात अमेरिकेच्या एफबीआय ह्या तपास संस्थेने खोट्या नावांच्या जाहिरातींपासून सावध करताना नागरिकांना जाहिरात-रोधक वापरण्याचा सल्ला दिला. ज्या साधनास एक पक्ष चोरीचे हत्यार म्हणतो ते पोलीसच हाती देतात, हे पाहण्यासारखे आहे.

ह्या साधनाचे एक आरंभीचे रूप २००२ साली हेन्रिक सोरेन्सेन नावाच्या डेन्मार्कमधील विद्यार्थ्याच्या हातून घडले. त्याची रीत साधी आहे. जाहिरातींच्या ठिकाणांची एक यादी ठेवावयाची आणि पानाने ‘तेथून आण’ म्हटले की जावयाचे नाही. वृत्तपत्राच्या कचेरीत शिरून कोणी काही फाडीत नाही. आपलाच नोकर, आपल्याच घरातून, सांगितलेल्या कामास जाण्याचे नाकारतो. चोरीचा आरोप मला पटत नाही तो ह्यासाठी. जाहिरातीकडे पाहण्याचा करार वाचकाने कधी केलेला नव्हता. आणि केला आहे असे मानले, तरी त्यात पाहण्याचे कलम असेल, पाहिले जाण्याचे नव्हते. ज्या जाहिरातीस आपण कोण हे ठाऊक नाही तिला मुद्दाम अडविणाऱ्याविषयी मात्र मला तितकी सहानुभूती नाही. जे पत्र रोज वाचतो त्याची वर्गणी भरण्याची ऐपत असून जो ती भरीत नाही आणि जाहिरातही अडवितो, त्याने मुधोळकरांचे ते निकालपत्र एकदा वाचावे.

आणखी एक मेख आहे. जर्मनीतील आयो ह्या कंपनीने २०११ पासून असा व्यवसाय चालविला, की साध्या, न त्रासविणाऱ्या जाहिराती यादीतून वगळावयाच्या, आणि मोठ्या कंपन्यांकडून त्याबद्दल मोबदला घ्यावयाचा. वाचकाच्या दाराशी राखणदार म्हणून उभा राहिलेला मनुष्य असा हळूहळू जकात गोळा करू लागला. ‘बिल्ड’ आणि ‘वेल्ट’ ह्या पत्रांच्या आक्सेल स्प्रिंगर ह्या प्रकाशनसंस्थेने दावा लावला. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने १९ एप्रिल २०१८ रोजी हा व्यवसाय बेकायदा नाही असे ठरविले. कायदेशीर तो असेल. शोभादायक आहे असे म्हणवत नाही.

आपल्याकडे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने एकांताचा हक्क मूलभूत ठरविला आणि खरकसिंग खटल्यातील ते वाक्य पुसून टाकले. त्यानंतर २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. मुलांवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास त्याने मनाई केली आहे. मोठ्या माणसांची गोष्ट मुख्यतः संमतीवर सोपविली आहे. संमतीविषयी माझ्यासारख्या कचेरीतल्या माणसास थोडे सांगता येईल. अर्जाखाली ‘वरील मजकूर वाचून समजला’ असे छापलेले असते, आणि खिडकीपाशी उभा असलेला मनुष्य फक्त एवढेच विचारतो, की सही कोठे करू? पडद्यावरच्या ‘मान्य आहे’ ह्या बटणाची कथा निराळी नाही. १९०३ च्या न्यूयॉर्कच्या कायद्यातही लेखी संमतीच मागितली होती. पण तेथे संमती एका चित्रापुरती होती आणि विचारणारा समोर होता.

स्प्रिंगरचा एक दुसरा दावा अद्याप मागे होता. पान वाचकाच्या संगणकात उतरताना त्याची रचना बदलली, तर पान लिहिणाऱ्याच्या लेखनहक्काचा भंग होतो, असा त्यातला मुद्दा. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने तो फेटाळला होता; जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अधिक तपासासाठी तो पुन्हा हॅम्बुर्गकडे पाठविला. हा मुद्दा उद्या मान्य झाला, तर दृष्टी मंद झाल्यामुळे पडद्यावरची अक्षरे मोठी करून वाचणारा म्हातारा आणि यंत्राकडून पान वाचून घेणारा आंधळा हे त्याच पानाची रचना बदलतात की नाही, हेही त्या न्यायालयास सांगावे लागेल.